एमजीबीला 16 इंची चाकं लावावीत का?

प्रश्न: माझ्याकडे 1972 ची एमजीबी जीटी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आहे. क्रोम बंपर, तारांची 14 इंची चाकं, टायर 165 चे. मुलाचा आग्रह आहे की 16 इंची ॲलॉय चाकं आणि 205/45 टायर लावू, म्हणजे गाडी वळणावर रस्ता घट्ट धरेल आणि दिसेलही छान. बॉडीला हात न लावता बसतील का?
– एक वाचक, नॉटिंगहॅम

उत्तर: खटपट केली तर बसतीलही, पण माझं ऐकाल तर बसवू नका. आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. तुमच्या 165 च्या टायरची बाजूची भिंत रुंदीच्या साधारण 80 टक्के, म्हणजे 132 मिलिमीटर. पूर्ण व्यास 620 च्या आसपास. 205/45-16 चा (रुंदी 205 मिलिमीटर, भिंत तिच्या 45 टक्के, रिम 16 इंच) व्यास निघतो 591. म्हणजे रिम मोठी झाली, पण चाक लहान झालं! गाडी 14 मिलिमीटर खाली बसेल. काटा 70 मैल दाखवेल तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात 67 ने जात असाल. ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन सावकाश फिरवणारा जादा गिअर) नसेल तर टॉप गिअरमध्ये 70 मैलांच्या वेगाला इंजिन आत्ता मिनिटाला 3900 च्या आसपास फिरतं, ते 4100 ला जाईल. मोटरवेवर दोन तासांत कानांना फरक कळतो.

आणि भिंत उरते 92 मिलिमीटर. ही गाडी 1962 पासून 1980 पर्यंत अबिंग्डनला बनली. तिचं सस्पेन्शन त्याहूनही जुन्या घराण्यातलं: पुढे किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं तो उभा दांडा) आणि लीव्हरचे शॉक ॲब्सॉर्बर, मागे स्प्रिंगचे पाटे. खड्ड्याचा पहिला दणका उंच टायरने खायचा, असा तो सगळा हिशेब. भिंत कमी केली की तोच दणका किंगपिन, बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) आणि स्टीअरिंगपर्यंत पोचतो. त्यात स्टीअरिंग बिनपॉवरचं. 205 च्या टायरवर पार्किंग करताना खांदे भरून येतील.

आता तुमच्या गाडीपुरती खास अडचण. तारांची चाकं नट-बोल्टवर नसतात, दातेरी हबवर, म्हणजे स्प्लाइनवर बसतात. त्या हबवर बसणारी ॲलॉय चाकं मिळतात. पण साधी चार नटांची ॲलॉय हवी असतील तर पुढचे हब आणि मागचा ॲक्सल, दोन्ही बदलणं हाच नीटनेटका मार्ग. कारण तारांच्या चाकांसाठीचा मागचा ॲक्सल मुळात अरुंद असतो. एवढा खर्च कशासाठी, हे मुलाला जरूर विचारा.

काही विकत घेण्याआधी एक काम करा. चाक काढा, हबवरचं ग्रीस कापडाने स्वच्छ पुसा आणि दात्यांवरून नख फिरवा. दात्याचा माथा सपाट लागला तर उत्तम. करवतीसारखा टोकदार लागला, किंवा दात्यांच्या खाचेत तांबूस भुकटी दिसली, तर हब झिजलाय. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकून निघताना मागून ‘टक्’ आवाज येतो तोही बहुधा इथलाच. झिजलेल्या हबवर नवीन चाक चढवलं तर ते चाकही थोड्याच दिवसांत खराब होतं. ही तपासणी मी कुणालाच चुकवू देत नाही.

थोडं रुंद जायचंच असेल तर 14 इंचातच साडेपाच इंच रुंदीची 72 तारांची रिम घ्या आणि 185/70-14 लावा. व्यास 615, म्हणजे जवळपास मूळचाच. 15 इंचाचा मोह झाला तर 185/65-15 चा व्यास 621.5 येतो आणि या मापात टायरची निवडही भरपूर. त्यापुढे जायचं कारण मला दिसत नाही.

रुंद टायर घासतो तो मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला. पाट्यांचे बुश सैल झाले की वळणावर ॲक्सल बाजूला सरकतो, म्हणून उभ्या गाडीत दिसणाऱ्या फटीवर विश्वास ठेवू नका. शिवाय या गाड्यांत डावी-उजवीकडची फट क्वचितच सारखी असते, दोन्हीकडे मोजा. टायरच्या खांद्यावर खडूचा जाड पट्टा ओढा, मागे दोन माणसं आणि डिकीत सामान भरा, आणि उंचवट्यांच्या रस्त्याने, भरपूर वळणं घेत, सावकाश फिरून या. खडू जिथे पुसला जाईल तिथे टायर लागतोय. मडगार्डची कड ठोकून दुमडू मात्र नका, तो पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

40 वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये 2018 पासून एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची सरकारी तपासणी, सक्तीची नाही. म्हणजे टायर घासतोय हे सांगायला कुणी तपासनीस येणार नाही. स्वतःहून एकदा करून घ्या. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

आणि मुलाला सांगा, वळणावरची पकड पहिल्यांदा वाढते ती शॉक ॲब्सॉर्बरमधलं तेल, नवे बुश आणि ताजे टायर यांनी. हे आधी करा, मग गाडी त्याच्या हातात द्या. बहुतेक तो 16 इंचाचं नाव काढणार नाही.

प्रश्न: तारांच्या चाकात ट्यूबलेस टायर चालतो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: चालतो, पण आत ट्यूब घालून. तारांची टोकं रिमला आरपार असल्यामुळे तिथून हवा सुटते. (आतून सील केलेली नवी चाकं मिळतात, ती वेगळी.) रिमवर रबरी पट्टी हवीच, आणि टायरच्या आतले कागदी स्टिकर खरवडून काढायला सांगा. ते राहिले तर ट्यूब घासून पंक्चर होते. दुकानातच साइडवॉलवरचे शेवटचे 4 अंक वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. झाकून ठेवलेल्या गाडीचे टायर नक्षी न झिजताही कडक होतात. 10 वर्षं झाली की मी ते बदलायलाच सांगतो.