थंडीच्या तोंडावर: भिंतीवरचे किडे, गॅरेजातले उंदीर

या वेळची जवळजवळ सगळी पत्रं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून, मिनिआपोलिस शहराच्या उत्तरेकडून आली आहेत. कून रॅपिड्स, चॅम्पलिन, अनोका ही सगळी मिसिसिपी नदीच्या काठची गावं. मी याच भागात घरतपासणीचं काम करते. नदीकाठच्या घरांचे अ‍ॅटिक (छपराखालचा माळा), बेसमेंट आणि सायडिंगचे (भिंतीबाहेरच्या आवरणाचे) कोपरे माझ्या रोजच्या बघण्यातले आहेत, म्हणून उत्तरं थोडी सविस्तर देते.

प्रश्न: ताई, उन्हाळ्यात कून रॅपिड्सला नदीच्या अगदी जवळ घर घेतलं. आता दुपारी दक्षिणेकडची भिंत काळ्या-लाल किड्यांनी भरून जाते. काही बेडरूममध्येही येतात. बाळ रांगायला लागलंय. फवारणीवाले म्हणतात, घराच्या आतून भिंतींच्या पोकळीत औषध मारू. मारून घेऊ का? आणि मागचं झाड तोडलं तर हे थांबेल का?

उत्तर: आधी बाळाची काळजी सोडा. हे बॉक्सएल्डर बग. साधारण अर्धा इंच लांब, काळे, पाठीवर लाल रेघा. ते रोग पसरवत नाहीत, कपडे-धान्य खात नाहीत आणि घरात अंडी घालून वाढत नाहीत. त्यांना हिवाळा काढायला कोरडी फट हवी असते, एवढंच. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती तापतात, म्हणून ते तिथे जमतात आणि संध्याकाळी गारठा पडला की सायडिंगखाली शिरतात. उन्हाळा कडक आणि कोरडा गेला असेल त्या वर्षी ते जास्त दिसतात.

भिंतीच्या पोकळीत औषध मारू देऊ नका. पोकळीतले सगळे किडे त्याने मरत नाहीत, आणि जे मरतात त्यांच्या सांगाड्यांवर दुसरे बारीक किडे येतात, ते मग लोकरीच्या कपड्यांपर्यंत पोचतात. शिवाय ज्या खोलीत बाळ रांगतं तिथे औषध आणायचंच कशाला? फवारणी करायचीच असेल तर ती बाहेरून, किडे आत शिरायच्या आधी, खिडक्या-दारांच्या कडांनी आणि सॉफिटखाली, म्हणजे छपराच्या पुढे आलेल्या कडेच्या खालच्या बाजूला. तीही परवानाधारक माणसाकडून. उन्हात औषधाचा जोर लवकर ओसरतो, त्यामुळे ऑगस्टच्या सुरुवातीला मारून ऑक्टोबरला उपयोग नाही.

भिंतीवर जमलेल्यांसाठी बाटलीत पाणी आणि थोडा भांडी घासायचा साबण घालून थेट अंगावर फवारा. अंगावर पडलं तरच मरतात, नुसतं भिंतीवर मारून ठेवून काही होत नाही. घरात आलेले व्हॅक्यूमने ओढा आणि पिशवी लगेच बाहेर टाका. चिरडू नका, पडद्यावर तांबडा डाग पडतो आणि वासही येतो. जानेवारीत एखाद्या उबदार दुपारी दोन-चार खिडकीत दिसतील. ते नवीन आलेले नसतात, भिंतीतच असतात, ऊब लागली की जागे होऊन उजेडाकडे येतात.

खरं काम फटींचं आहे. एका कोरड्या शनिवारी घराभोवती सावकाश फिरा. डिशची वायर भिंतीत शिरते तिथे, बाहेरच्या नळाच्या पाइपाभोवती, ड्रायरच्या झडपेपाशी, खिडकीची चौकट आणि सायडिंग यांच्या सांध्यात बघा. मला बहुतेक घरांत सगळ्यात मोठी वाट एसीची तांब्याची नळी आत जाते तिथे सापडते. बसवणाऱ्याने लावलेली पुट्टी वाळून निघून आलेली असते आणि आत करंगळी जाते. सीलंटची नळी घेऊन हे सगळं बुजवा. पारा 40 फॅरनहाइटच्या खाली गेला की बरीचशी सीलंटं नीट धरत नाहीत, म्हणून हे काम थँक्सगिव्हिंगवर, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणावर, ढकलू नका.

आणि झाड राहू द्या. हे किडे ज्यावर वाढतात ते बॉक्सएल्डर हे या नदीचं झाड आहे, पुराच्या ओल्या जमिनीत आपोआप उगवतं. तुमचं एक तोडलंत तरी काठावर शेकडो आहेत आणि हे किडे चांगले लांबवर उडतात. शिवाय मिसिसिपीच्या इथल्या 72 मैलांच्या पट्ट्याला राज्याने खास संरक्षण दिलं आहे. काठालगतची झाडं सरसकट काढण्यावर बंधनं आहेत. कुऱ्हाड उचलण्याआधी सिटी हॉलला फोन करावाच लागेल. ती मुळं काठ धरून ठेवतात, त्यांना हात न लावलेलाच बरा.

प्रश्न: मी साताऱ्याहून मुलाकडे आले आहे. गॅरेजात उंदराच्या लेंड्या दिसल्या म्हणून डांबराच्या गोळ्या आणून कोपऱ्याकोपऱ्यात टाकल्या. सूनबाई नको म्हणते. आपल्याकडे तर सगळे टाकतात. तिचं बरोबर की माझं?

उत्तर: काकू, सूनबाईचं ऐका. आपल्याकडे दारं-खिडक्या उघड्या असतात. इथे सहा महिने घर बंद आणि गरम असतं, गॅरेजातला वास दाराच्या फटीतून आत येऊन कोंडून राहतो. गोळ्या घट्ट बंद डब्यात, कपड्यांसाठीच वापरायच्या. उघड्यावर टाकणं इथल्या कायद्यातही बसत नाही. लहान मुलाने नॅप्थलीनची गोळी गिळली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि काही मुलांत जन्मतः तसा दोष असतो, त्यांना धोका फार मोठा. नातवंडं घरात आहेत, आजच सगळ्या गोळ्या उचला. आपण मुंग्यांसाठी ओढतो तो लक्ष्मणरेषेसारखा खडूही बॅगेतून आणला असेल तर वापरू नका. पोरांना तो पाटीवरचा खडूच वाटतो.

आणि उंदीर गोळ्यांनी जातही नाही. पाव इंचाची फट त्याला पुरते. रात्री गॅरेजचा दिवा लावा आणि बाहेरून मोठ्या दाराचे खालचे दोन्ही कोपरे बघा. उजेड दिसला की तीच वाट. मुलाला रबराची पट्टी बदलायला सांगा, पाइपांच्या भोकांत तांब्याची जाळी किंवा स्टील वूल कोंबून वरून सीलंट. पक्ष्यांचं खाणं आणि गवताचं बियाणं पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात. सापळे भिंतीला काटकोनात, खटक्याचं तोंड भिंतीकडे, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच पळतो. आमिषाला शेंगदाण्याचं बटर, वाटाण्याएवढंच. विषाच्या वड्या नकोत. विष खाल्लेला उंदीर भिंतीत मरून कुजतो किंवा बाहेर घुबडाच्या पोटात जातो आणि त्यालाही मारतो.

लेंड्या झाडूने झाडू नका, हे मात्र अगदी मनावर घ्या. इथे पांढऱ्या पोटाचे डिअर माऊस असतात. त्यांच्या वाळलेल्या घाणीच्या धुळीतून हंटाव्हायरस श्वासात जाऊ शकतो. होणं दुर्मीळ, पण झालं तर जिवावर बेततं. दार उघडून अर्धा तास वारा खेळू द्या, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात घालून लेंड्या पूर्ण भिजवा, पाच मिनिटं थांबा आणि कागदाने पुसून घ्या.

प्रश्न: गेल्या फेब्रुवारीत, बाहेर उणे 20 असताना, स्वयंपाकघरात मोठे काळे मुंगळे फिरत होते. वसंतात बंद झाले म्हणून सोडून दिलं. आता खिडकीखाली भुसा पडतो. वाळवी आहे का? – चॅम्पलिन

उत्तर: वाळवी मिनेसोटात क्वचितच सापडते. हे कार्पेंटर अँट. ते लाकूड खात नाहीत, पोखरून त्यात घर करतात आणि भुसा बाहेर टाकतात. भिंगाखाली धरलात तर त्या भुशात मेलेल्या मुंगळ्यांचे पाय-डोकी दिसतील. बाहेर सगळं गोठलेलं असताना घरात मुंगळे दिसले, याचा अर्थ वारूळ घरातच होतं. वसंतात ते बंद झाले नाहीत, खाण्यासाठी बाहेर जायला लागले.

त्यांना ओलं लाकूड लागतं, म्हणून पाणी कुठून आलं ते शोधा. इथे बहुतेक वेळा ते छपरावरून येतं. घराची ऊब अ‍ॅटिकात गळते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, ते पाणी गार वळचणीपाशी येऊन पुन्हा गोठतं आणि बर्फाचा बांध होतो. मागून येणारं पाणी त्या बांधाला अडून शिंगल्सखाली (छपरावरच्या चपट्या पट्ट्यांखाली) शिरतं, भिंतीतून खाली झिरपतं आणि खिडकीच्या चौकटीत मुरतं. चौकटीला स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर तेवढं लाकूड कापून बदलायला हवं. वारूळ सापडल्याशिवाय वरवर मारलेल्या स्प्रेने फक्त दिसणारे मुंगळे मरतात. हिवाळ्याआधी अ‍ॅटिकातली ऊब गळणारी भोकं बुजवून इन्सुलेशन वाढवून घ्या, नाहीतर नवी चौकटही भिजेल.

प्रश्न: वीस पौंडी तांदळाच्या पोत्यात सोंडे आणि कपाटात छोटे पतंग. घराच्या फटींतून आले का?

उत्तर: नाही, बहुधा दुकानातूनच पोत्याबरोबर आले. कीड लागलेलं फेका. नवीन तांदूळ, रवा, कणीक आणली की आधी चार दिवस डीप फ्रीजरमध्ये, 0 फॅरनहाइटला, मग घट्ट झाकणाच्या डब्यात.

प्रश्न: अ‍ॅटिकात वटवाघळं आहेत. आत्ताच फट बुजवू का? परवा एक मुलीच्या खोलीत आलं होतं, खिडकी उघडून सोडून दिलं. – अनोका

उत्तर: फट नंतर बघू. ते आलं तेव्हा मुलगी झोपलेली होती का? असेल तर हे वाचून होताच डॉक्टरांना आणि राज्याच्या आरोग्य खात्याला फोन करा. वटवाघळाचे दात इतके बारीक असतात की चावलेलं अंगावर दिसतही नाही, आणि रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर उपाय उरत नाही. इंजेक्शनं वेळेत घेतली तर मूल वाचतं. ती द्यायची का हे ते ठरवतील. पुन्हा आलं आणि खोलीत कोणी झोपलेलं असलं तर सोडू नका. जाड हातमोजे घालून, ते भिंतीवर बसलं की वर डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि तपासणीला द्या. डोकं चेचू नका, तपासणी मेंदूची होते.

फट आत्ता बुजवलीत तर हिवाळ्यासाठी आत झोपलेली वटवाघळं कोंडून मरतील किंवा वाट शोधत खोल्यांत येतील. जून-जुलैत पिल्लांना उडता येत नाही, तेव्हाही नको. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या मध्यानंतर बाहेर जाता येईल पण आत येता येणार नाही अशी जाळी लावून घ्या. तोवर अ‍ॅटिकाच्या झाकणाला आणि खोल्यांतल्या दिव्यांच्या भोकांना आतून पट्टी लावून ठेवा, आणि आधी तो फोन करा.