पावडर भरलेल्या टाकीत गॅस जास्त कसा मावतो?

प्रश्न : सर, आमचं पोरगं एमएस्सी केमिस्ट्री करून राहिलं. परवा जेवताना म्हणते, बाबा, रिकाम्या टाकीपेक्षा पावडर भरलेल्या टाकीत गॅस जास्त मावते. मी म्हटलं फेकू नको बे, पोत्यात आधीच तूर भरली असन तर गहू कुठून मावन? तर म्हणते त्या पावडरीत तांब्याचे पिंजरे असतात. दोन दिवसांपासून आमचं बोलणं बंद आहे. खरं काय ते सांगा. (एक वाचक, नंदनवन, नागपूर)

उत्तर : बोलणं सुरू करा, पोरगं बरोबर आहे. फक्त हे घरच्या सिलिंडरचं नाही हं, त्यात एलपीजी आधीच लिक्विड होऊन बसलेला असतो, तिथे पावडर टाकली तर असलेली जागाच जाईल. गोष्ट आहे मिथेनची, म्हणजे सीएनजीची. तो नेहमीच्या तापमानाला कितीही दाबा, लिक्विड होत नाही, म्हणून तर ऑटोच्या टाकीत 200 बारपर्यंत ठासावा लागतो.

रिकाम्या टाकीत मिथेनचे रेणू मारबतीच्या गर्दीतल्या पोरांसारखे सैरावैरा पळत असतात. पावडरीच्या कणात आतून बारीक पोकळ्या असतात, त्यांची भिंत टेकायला मिळाली की रेणू तिला चिकटतात आणि दाटीवाटीने बसतात, पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. म्हणजे पोकळीपेक्षा भिंत महत्त्वाची, तुमच्या पोत्यातल्या तुरीला आतून भिंती नसतात ना, म्हणून तो हिशोब इथे चालत नाही. पण दाब खूप वाढवला की मग रिकामी टाकीच बरी, कारण पावडर स्वतःही जागा खातेच, फायदा आहे तो कमी दाबाला, 35 बारच्या आसपास.

भिंत किती, तर अशा काही पावडरींच्या एका ग्रॅममध्ये 7000 चौरस मीटर, म्हणजे पावणेदोन एकर! ही झाली धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेली जाळी, एमओएफ म्हणतात ती, जिच्यासाठी रॉबसन, कितागावा आणि याघी यांना 2025 चं नोबेल मिळालं. पोरगं म्हणते तो पिंजरा तिचा लहान भाऊ. जाळी कणभर पावडरीत सलग पसरलेली, पिंजरा सुटासुटा. 2001 मध्ये केलेल्या एका पिंजऱ्यात तांब्याचे 24 अणू आणि त्यांना जोडणारे एका आम्लाचे 24 तुकडे आहेत, आतली पोकळी जेमतेम दीड नॅनोमीटर. तांबं तेच हो, संत्र्याच्या बुंध्याला मोरचूद लावता त्यातलं. सुटा असल्यामुळे पिंजरा द्रावकात (विरघळवणाऱ्या द्रवात) विरघळतो, मग प्लास्टिकच्या पातळ पडद्यात मिसळून गॅस गाळायलाही वापरता येतो, जाळीला असं विरघळणं जमत नाही. पण द्रावक काढून टाकला की पिंजरे संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांसारखे एकमेकांवर कलंडतात, काही तर चेपतातच, आणि मग कागदावरची अर्धी भिंत हाताला लागतच नाही. माझ्या मते खरी अडचण ही आहे, बाकी सगळं नंतर.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! चिकटण्याची ही ओढ कमजोर असते, तापमान वाढलं की रेणू भिंत सोडतात, त्यात भरताना चिकटणारे रेणू स्वतःच उष्णता सोडतात, म्हणजे टाकी आतूनही तापणार. मे महिन्यात 45 डिग्रीत ही उष्णता कुठे घालवायची, ते तेवढं पोराला विचारून ठेवा.