राष्ट्रीय अश्वारोहण संघटनेचे सदस्यत्व: वर्गणी नेमकी कशासाठी भरायची?

आपले पत्र काळजीपूर्वक वाचले. आपण आठवड्यातून दोनदा रायडिंग स्कूलच्या घोड्यावर स्वारी करता, आपली बारा वर्षांची मुलगी तिथेच शो जम्पिंग, म्हणजे घोड्यावरून अडथळे पार करणे, शिकते, आणि पुढील हंगामापासून ओळखीच्या एका मालकाचा घोडा निम्म्या खर्चाच्या बोलीवर वापरायला घेण्याचा आपला विचार आहे. राष्ट्रीय संघटनेचे कौटुंबिक सदस्यत्व घ्यावे का, आणि संघटना देऊ करत असलेले आजीवन सदस्यत्व एकरकमी घेऊन टाकावे का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, आपले स्वतःचे वैयक्तिक सदस्यत्व घोडा ताब्यात घेण्यापूर्वी घ्यावे, मुलीचे स्पर्धक सदस्यत्व तिच्या स्पर्धा निश्चित होईपर्यंत थांबवावे, आणि आजीवन सदस्यत्व घेऊ नये.

संघटनेच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर सवलती असतात: खोगीर, हेल्मेट, खाद्य, कधी प्रवासाची तिकिटेसुद्धा. या सवलती हिशेबात धरू नका, असे मी आग्रहाने सांगेन. जी वस्तू आपण एरवीही घेणारच होतो, तिच्यावरची सूट तेवढी बचत ठरते. बाकीची सूट हे खर्चाला दिलेले आमंत्रण असते. सदस्यत्वाची खरी किंमत माहितीपत्रकात मागे, बारीक अक्षरात असते, आणि ती म्हणजे तृतीय पक्ष दायित्वाचा विमा: आपल्यामुळे तिऱ्हाइताला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई देणारा विमा.

घोडा हा सुमारे 500 किलो वजनाचा आणि मुळात बुजरा प्राणी आहे. आपण त्याला हातात धरून तबेल्यातून बाहेर नेत आहात, वाऱ्याने प्लास्टिकचा कागद फडफडला, घोडा उधळला आणि त्याची लाथ एका सायकलस्वाराला बसली, असे समजा. त्या माणसाचा रुग्णालयाचा खर्च, बुडालेली कमाई आणि पुढील कित्येक वर्षांची भरपाई यांची बेरीज सामान्य कुटुंबाची सारी बचत संपवू शकते. आपण हलगर्जीपणा केला नव्हता, हा बचाव सर्वत्र पुरतोच असे नाही. ब्रिटनच्या 1971 च्या प्राणीविषयक कायद्यात ठरावीक परिस्थितीत चूक सिद्ध न होताही प्राणी बाळगणाऱ्यावर जबाबदारी येते, आणि ‘बाळगणारा’ यात केवळ मालक नव्हे, तर प्राणी ज्याच्या ताब्यात आहे तोही मोडतो. जर्मनीच्या नागरी संहितेचे कलम 833 हौसेसाठी पाळलेल्या घोड्याच्या बाबतीत मालकाला निर्दोषत्वाचा बचावही देत नाही. आपल्याकडील कायदा काय म्हणतो, हे वकिलाकडून एकदा समजून घ्या. मात्र रायडिंग स्कूलच्या आवारात, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, शाळेच्या विम्याच्या छत्राखाली स्वारी करणे आणि दुसऱ्याचा घोडा स्वतःच्या जबाबदारीवर बाहेर काढणे, या दोन्हींत आर्थिकदृष्ट्या मोठे अंतर आहे.

म्हणूनच ब्रिटिश हॉर्स सोसायटीसारख्या संघटनेच्या वरच्या श्रेणीच्या सदस्यत्वात दायित्वाचा आणि वैयक्तिक अपघाताचा विमा समाविष्ट असतो, आणि कित्येक साधे घोडेस्वार केवळ त्यासाठी वर्गणी भरतात. हजारो सदस्यांसाठी एकत्र घेतलेला विमा एकट्याने घेतलेल्या विम्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतो. परंतु पॉलिसीचे ‘अपवाद’ हे प्रकरण वाचल्याशिवाय पैसे भरू नका. आपल्या ताब्यात असलेल्या वस्तूचे किंवा प्राण्याचे नुकसान दायित्वाच्या विम्यातून सहसा वगळलेले असते. म्हणजे वरील प्रसंगात सायकलस्वाराची भरपाई मिळेल. पण त्याच उधळण्यात घोड्याच्या पायाची शीर दुखावली आणि तो वर्षभर लंगडला, तर त्याच्या उपचारांचा व घटलेल्या किमतीचा दावा मालक आपल्यावर करू शकेल आणि सदस्यत्वाचा विमा तिथे उपयोगी पडणार नाही. हा धोका मालकाबरोबरच्या लेखी करारानेच मिटवावा लागतो: पशुवैद्यकीय आणि मृत्यूचा विमा कोण काढणार, हप्ता कोण भरणार, पोटशूळाच्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर निर्णय कोणाचा. हा करार आपल्या प्रश्नात नव्हता, तरी मला तो सदस्यत्वाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आणखी दोन कलमे तपासा. मोबदला घेऊन शिकवणे किंवा दुसऱ्याचे घोडे तयार करणे हे हौशी सदस्याच्या विम्यात बहुधा बसत नाही. पुढे कधी आपण शेजारच्या मुलांना पैसे घेऊन शिकवू लागलात, तर हे संरक्षण नाही असे धरून चाला. दुसरे, आपल्या घरविम्यात व्यक्तिगत दायित्वाचे संरक्षण आधीच आहे का आणि त्यातून घोडे वगळले आहेत का, हे पाहा. तिथे घोडे समाविष्ट असतील, तर माझ्या सल्ल्याचा निम्मा आधार निघून जातो आणि सदस्यत्व ऐच्छिक ठरते.

आता मुलीविषयी. एकाच देशात ‘राष्ट्रीय’ म्हणवणाऱ्या अनेक संस्था असू शकतात आणि त्यांची कामे वेगळी असतात. काही संस्था सर्व घोडेस्वारांसाठी असतात, तर काही केवळ ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींची स्पर्धा), जम्पिंग किंवा इव्हेंटिंग (ड्रेसाज, मोकळ्या मैदानातील अडथळ्यांची दौड आणि जम्पिंग यांची एकत्र स्पर्धा) अशा एकेका प्रकाराच्या स्पर्धा चालवतात. त्यांच्या वर राष्ट्रीय महासंघ असतो, आणि 1921 मध्ये स्थापन झालेला, स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मुख्यालय असलेला आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे एफईआय, खेळाडूंची नोंदणी त्या राष्ट्रीय महासंघामार्फतच स्वीकारतो. त्यामुळे मुलगी पुढेमागे मानांकन मिळवू पाहणार असेल, तर सदस्यत्व घ्यावे की नाही हा प्रश्नच उरत नाही. ते प्रवेशद्वार आहे. परंतु ती सध्या क्लबच्या अंतर्गत स्पर्धांतच उतरते, आणि तिथे या सदस्यत्वाची अट नसते. शिवाय स्पर्धक म्हणून उतरताना केवळ स्वाराची वर्गणी भरून भागत नाही: घोड्याची नोंदणी, अनेक ठिकाणी मालकाचे सदस्यत्व, त्याच्या लसीकरणाच्या नोंदी आणि घोड्याचा पासपोर्ट (ओळखपत्र) असे खर्च एकामागून एक येतात. हे सारे धरूनच वर्षाचा आकडा मांडा.

एखाद-दुसऱ्या स्पर्धेसाठी बिगरसदस्यांकडून एक दिवसाचे वेगळे शुल्क घेण्याची सोय पुष्कळ संघटनांत आहे. अमेरिकेच्या महासंघातही ती आहे. तेव्हा हिशेब सोपा आहे. चलनाऐवजी एका धड्याच्या शुल्काचे माप घेऊ. वर्गणी चार धड्यांइतकी आणि प्रत्येक स्पर्धेचे जादा शुल्क अर्ध्या धड्याइतके असेल, तर आठ स्पर्धांना दोन्ही मार्ग सारखे पडतात. वर्षाला तीनच स्पर्धा असतील, तर दिवसाचे शुल्क भरून वाचलेल्या पैशांत मुलीला चांगल्या प्रशिक्षकाचे धडे द्या. बारा वर्षांच्या स्वाराला त्या धड्यांचा लाभ सदस्यत्वाच्या कार्डापेक्षा निश्चितच जास्त आहे. मात्र एक गोष्ट पैशात मोजू नका: संघटना बालसुरक्षेचे नियम लावते का, प्रशिक्षकांची प्रमाणपत्रे तपासते का आणि तक्रार ऐकणारी यंत्रणा तिच्याकडे आहे का. अमेरिकेत प्रौढ स्पर्धक सदस्यांना गैरवर्तन रोखण्याचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. आपली मुलगी जिथे शिकते ते स्कूल अशा संघटनेशी संलग्न आहे का, हे अवश्य विचारा.

आजीवन सदस्यत्वाचा आकडा पाहता मला ते पटत नाही. आपण कळवल्याप्रमाणे ते पंधरा वर्षांच्या वर्गणीइतके आहे. तीच रक्कम 7 टक्के परताव्याने गुंतवली, तर पहिल्या वर्षीचे व्याजच एका वर्गणीहून किंचित जास्त होते. वर्गणी दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढत गेली तरी त्या पैशांतून साधारण 19 वर्षे ती भरता येते, आणि दुखापत, स्थलांतर किंवा आवड बदलल्यामुळे मध्येच थांबलात तर उरलेली रक्कम आपलीच राहते. संघटनेला तसे थांबणे मान्य नसते. भरलेले पैसे परत मिळत नाहीत, आणि आज जोडलेला विमा वीस वर्षांनीही तसाच राहील याची हमी कोणी देत नाही.

घोड्यांचे हाल रोखणे, रस्त्यावरील स्वारांची सुरक्षितता, स्वारीच्या वाटा खुल्या ठेवणे यांसाठी या संघटना मनापासून झटतात, आणि त्यांना हातभार लावावासा वाटणे मला फार मोलाचे वाटते. ती रक्कम देणगीच्या सदरात, ठरवून घाला.

शेवटी क्रम सांगतो. विम्याचे संरक्षण घटना घडली त्या दिवशी सदस्यत्व चालू असेल तरच मिळते, म्हणून अर्ज मंजूर झाल्याची लेखी पोच आणि पॉलिसीची प्रत हाती आल्यावरच मालकाबरोबरच्या करारावर सही करा, आणि नूतनीकरणाची तारीख बँकेला वर्गणी आपोआप भरण्यासाठी दिलेल्या सूचनेत टाकून ठेवा.