वाचकांचे प्रश्न: रुग्णसाहित्य केंद्राचा हिशेब कसा वाचावा?

पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अशा वस्तू अनामत घेऊन वापरायला देणारी केंद्रे महाराष्ट्रात अनेक गावांत आणि शहरांत आहेत. त्यांना देणगी देऊ पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले हे काही प्रश्न.

प्रश्न: आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाला एका रुग्णसाहित्य केंद्राला ५०,००० रुपये द्यायचे आहेत. त्यांच्याकडे ८०जी आहे, वार्षिक अहवालही छान छापलेला आहे. एवढे पुरे का? — एक वाचक, डोंबिवली

पुरे नाही. ८०जीमुळे देणगीदाराला करसवलत मिळते. पैसा नीट वापरला जातो का, हे त्यावरून कळत नाही. केंद्राकडे गेल्या तीन वर्षांचा ताळेबंद (अनुसूची आठ), उत्पन्न-खर्च पत्रक (अनुसूची नऊ) आणि त्यांना जोडलेला लेखापरीक्षकाचा अहवाल मागा. शिवाय धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट एकचा ताजा उतारा मागा, म्हणजे नोंदीप्रमाणे आजचे विश्वस्त कोण ते दिसेल. उताऱ्यावरची आणि लेटरहेडवरची नावे जुळत नसतील तर चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला दिलेली लेखी माहिती) दाखल केला आहे का ते विचारा. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यावा लागतो. मंजुरीला वेळ लागतो, त्यामुळे रिपोर्ट प्रलंबित असणे हा दोष नाही. तो दाखलच केला नसेल, किंवा एकाच जागेसाठी दोन गटांनी दोन वेगळे रिपोर्ट दिले असतील, तर मात्र देणगी थांबवा.

वाचायला सुरुवात लेखापरीक्षकाच्या अहवालापासून करा. बहुतेक जण तो उलटून पुढे जातात, आणि नेमकी चूक तिथेच होते. महाराष्ट्राच्या १९५० च्या विश्वस्त कायद्याखालील नियमांनुसार त्यात ठरलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: तपासणीच्या दिवशी रोख शिल्लक आणि व्हाउचरे जुळली का, विश्वस्तांच्या सभा नियमित झाल्या का, इतिवृत्ताची वही आहे का, कुणी विश्वस्त संस्थेचा ऋणको किंवा धनको आहे का, पैसा उद्दिष्टांबाहेर वापरला गेला का. आता ही उत्तरे ताळेबंदाशी ताडून पाहा. ‘कुणी विश्वस्त ऋणको नाही’ असे लिहिले आहे आणि ताळेबंदात ‘विश्वस्तांना उचल’ या ओळीत तीच रक्कम तीन वर्षे बसून आहे, असे दिसले तर पहिला प्रश्न तोच विचारा.

देणगी संस्थेच्या नावाच्या खात्यातच द्या, कुणा कार्यकर्त्याच्या यूपीआयवर नको. संघाच्या खात्यातून दिलीत तर पावती संघाच्या नावे निघेल. सदस्यांना वैयक्तिक सवलत हवी असेल तर प्रत्येकाने आपापल्या खात्यातून द्यावी आणि पॅन कळवावा. १९६१ च्या आयकर कायद्याप्रमाणे २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही, आणि ८०जीचा लाभ जुन्या करप्रणालीतच मिळतो. संस्थेने ३१ मेपर्यंत १०बीडी विवरण (आयकर खात्याला दिलेली देणग्यांची यादी) भरले तरच देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र (देणगीचा दाखला) मिळते. हे विवरण भरायचे राहून जाते आणि साध्या पावतीवर सवलत अडते, ही नेहमीची तक्रार आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून जुन्या-नव्या कागदांवर वेगळे आकडे दिसतील.

प्रश्न: एका केंद्राच्या खात्यात ९ लाख रुपये आहेत, तरी ते देणगी मागतात. एवढा पैसा असताना आणखी कशाला? — एक वाचक, नाशिक

तुम्ही ताळेबंदाची उजवी बाजू वाचली आहे. तिथे पैसा कुठे ठेवला आहे ते कळते. तो कुणाचा आहे हे डाव्या बाजूला लिहिलेले असते.

रुग्णसाहित्य केंद्राच्या बँकशिलकेत अनामतीचा वाटा मोठा असतो. समजा १८० वस्तू बाहेर आहेत आणि सरासरी अनामत २,५०० रुपये आहे. म्हणजे ४,५०,००० रुपये रुग्णांच्या घरच्यांचे झाले. वस्तू परत आली की ते परत द्यायचे. कॉर्पस म्हणून (कायम राखून ठेवायचा मूळ निधी म्हणून) दिलेले २ लाख असतील तर तेही रोजच्या खर्चाला नाहीत. उरले अडीच लाख. महिन्याचा खर्च ५०,००० असेल तर केंद्राजवळ पाच महिन्यांची पुंजी आहे. आमच्या मते अशा केंद्राजवळ सहा महिने ते वर्षभराचा खर्च मोकळा असावा. त्यामुळे तुमचे केंद्र श्रीमंत नाही, थोडे ओढग्रस्तच आहे.

आता खरी तपासणी. ३१ मार्चला बाहेर असलेल्या वस्तूंची यादी मागा, प्रत्येक वस्तूसमोर घेतलेली अनामत लिहिलेली हवी. तिची बेरीज आणि ताळेबंदातले ‘अनामत देणे’ हे दोन आकडे जुळले पाहिजेत. न जुळण्याची कारणे बहुधा तीनच. अनामत देणगीच्या पावतीपुस्तकात फाडली गेली आणि उत्पन्नात गेली, त्यामुळे खोटी शिल्लक दिसते आणि एकदम परत करायची वेळ आली की पैसे नसतात. किंवा संध्याकाळच्या पाळीतल्या कार्यकर्त्याने रोख घेतली, वहीत लिहिली, पण बँकेत भरली नाही. तिसरे कारण जास्त नाजूक आहे. रुग्ण गेल्यावर घरचे ‘अनामत राहू द्या’ म्हणतात. ती देणगी आहे, पण तसे लेखी घेऊन, अनामतीतून वजा करून, वेगळी पावती द्यावी लागते. पाच-सहा वर्षे कुणी न्यायला आले नाही म्हणून ती रक्कम गुपचूप उत्पन्नात वळवणे चूक आहे. आधी पत्र पाठवावे, नंतर विश्वस्तांनी ठराव करावा आणि लेखापरीक्षकाला दाखवावा.

ठेवी कुठे आहेत तेही पाहा. विश्वस्त कायद्याच्या कलम ३५ मध्ये न्यासाचा पैसा कुठे गुंतवावा ते ठरवून दिले आहे. ओळखीच्या पतसंस्थेत व्याज जास्त म्हणून ठेव ठेवली असेल तर ती कोणत्या परवानगीने, हे विचारायलाच हवे. पतसंस्था अडचणीत आली की रुग्णांची अनामतही अडकते.

प्रश्न: वर्षाच्या ६,४०,००० रुपये खर्चात २,८०,००० पगार आहेत. जवळजवळ ४४ टक्के आस्थापना खर्च! हे गैर नाही का? — एक वाचक, सांगली

पगार कोण घेते आणि काय करते, हे कळल्याशिवाय नाही. पलंग उचलून देणारा, परत आलेली कमोड खुर्ची धुऊन निर्जंतुक करणारा, व्हीलचेअरचा ब्रेक बसवणारा माणूस अनुसूची नऊमध्ये ‘आस्थापना’त पडतो, पण केंद्राचे काम तोच करतो. कर्मचारीनिहाय कामाची विभागणी मागा. त्यातला कार्यालयीन भाग वेगळा काढल्यावर टक्केवारी बऱ्याचदा निम्म्यावर येते.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती चार टक्के प्रशासकीय खर्च मिरवणाऱ्या केंद्राची. तिथे दुरुस्तीचा खर्च शून्य आहे का ते पाहा. शंभर वस्तू फिरत असताना वर्षभरात दुरुस्ती शून्य, याचा अर्थ मोडक्या वस्तू कोपऱ्यात पडून आहेत. घसारा लावला आहे का, हेही बघा. आणखी एक गोष्ट वाचकांना फसवते: नवे पलंग घेतले तर तो खर्च उत्पन्न-खर्च पत्रकात येत नाही, ताळेबंदात मालमत्ता म्हणून चढतो. म्हणून भरपूर खरेदीच्या वर्षीच पत्रकात मोठी शिल्लक दिसू शकते.

प्रश्न: ‘वर्षभरात १,२०० रुग्णांना लाभ’ या आकड्यावर विश्वास ठेवावा का? — एक वाचक, पुणे

तो कसा मोजला ते आधी विचारा. मुदत वाढवली की नवी नोंद होत असेल तर एकच आजोबा चार वेळा मोजले जातात. एका घरी पलंग, गादी आणि वॉकर गेले तर काही केंद्रे तीन लाभार्थी धरतात.

याहून उपयोगी आकडा म्हणजे वापराचे दिवस. रजिस्टरमध्ये दिल्याची आणि परतीची तारीख असतेच. समजा १२ पलंग आहेत. वर्षाचे ४,३८० पलंग-दिवस झाले. त्यांपैकी २,८५० दिवस पलंग बाहेर होते, म्हणजे ६५ टक्के. ठीक वाटते. पण गोदामात जाऊन पाहिले आणि १२ पैकी चार पलंगांचे हँडल तुटलेले निघाले तर? चालू पलंग आठ, दिवस २,९२०, वापर जवळजवळ ९८ टक्के. याचा अर्थ लोक रिकाम्या हाताने परत जात आहेत, आणि केंद्राला नव्या पलंगांआधी दुरुस्तीला पैसे हवे आहेत. देणगी कशासाठी द्यावी, ते असे ठरते.

म्हणून नाकारलेल्या मागणीची वही आहे का विचारा. ती फार थोड्या ठिकाणी असते, आणि जिथे असते तिथे काम मनापासून चालते असा आमचा अनुभव आहे. अर्धांगवायूचा रुग्ण दवाखान्यातून घरी येणार असतो तेव्हा पलंग एक-दोन दिवसांत लागतो. पंधरा दिवसांनी मिळालेल्या पलंगाची नोंद ‘लाभ’ म्हणूनच होते, पण तोवर पाठीला जखमा झालेल्या असू शकतात. मुदत उलटून तीन महिने झालेल्या वस्तू किती, आणि त्यांच्यासाठी फोन केल्याची नोंद आहे का, हेही पाहा. परत न आलेला एक पलंग दर वर्षी तीन-चार घरांना नाही म्हणायला लावतो.

वस्तूंची अवस्था स्वतः बघा. व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावून ढकला. कमोड खुर्चीच्या पायांचे रबर आणि जोडांवरचा गंज तपासा. एअर बेडचा पंप अर्धा तास चालू ठेवा. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर परत आल्यावर फिल्टर साफ करून ॲनालायझरने शुद्धता मोजतात का? चांगल्या यंत्रातून साधारण ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन यायला हवा. यंत्र घरघरत चालू राहते, हवा येते, पण शुद्धता घसरलेली असते, आणि घरच्यांना ते कळत नाही. मापनाची नोंद नसेल तर ते यंत्र देऊ नका, असे विश्वस्तांना स्पष्ट सांगा.

नंतर रजिस्टरमधल्या दहा नोंदी कुठूनही निवडा आणि केंद्रालाच त्या घरांना फोन करायला सांगा. रुग्णांचे नंबर स्वतः मागू नका. वस्तू मिळाली का, कधी, अनामत पूर्ण परत मिळाली का, एवढेच विचारायचे.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो. गावच्या केंद्राला थेट पैसे पाठवू शकतो का? — एक वाचक

तुमचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसा तुमच्या स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत जात असेल तर ती परकीय देणगी धरली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड) असूनही ती परकीय देणगी ठरते. मग केंद्राकडे एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतले खाते हवे. लहान केंद्रांकडे ते सहसा नसते. अशा वेळी भावाच्या खात्यात पैसे टाकून ‘तू दे’ म्हणू नका, अडचणीत केंद्र येते.

प्रश्न: हिशेब मागितला तर ‘तुम्हाला काय अधिकार?’ असे उत्तर मिळाले. आता? — एक वाचक, लातूर

आधी लेखी मागा आणि १५ दिवस द्या. अनेक केंद्रे सत्तरीतली माणसे स्वतःच्या खिशाला चाट लावून चालवतात. तोंडी विचारणा त्यांना आरोपासारखी वाटते, पत्राला मात्र उत्तर येते. नाहीच आले तर नोंदणी क्रमांक घेऊन सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा आणि नकलेसाठी अर्ज करा. मार्चअखेरचे लेखापरीक्षण सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवे.

हिशेब दाखलच नाहीत असे निघाले तर तेवढेच लिहून तक्रार द्या: कोणत्या वर्षांचे नाहीत, तुम्ही पत्र कधी दिले, त्याची पोच. हिशेब सादर करण्यात सतत कसूर झाली तर विश्वस्त कायद्याच्या कलम ४१डी खाली विश्वस्ताला निलंबित करता येते किंवा काढताही येते. ‘पैसे खाल्ले’ असे पुराव्याशिवाय लिहू नका. तक्रार त्या एका शब्दावर अडते, आणि ज्या वर्षांचे हिशेब नाहीत ती वर्षे बाजूला राहतात.