उलटलेल्या गुणसूत्रांत करिअर होतं का?

प्रश्न : मुलगी टीवायबीएस्सीला, प्राणिशास्त्र घेऊन. गुणसूत्राचा तुकडा उलटा बसून कीटकांच्या नव्या जाती घडतात, हे शिकल्यापासून तिला त्यातच संशोधन करायचंय. आम्हाला वाटतं बी.एड. करावं. यात पोटापाण्याचं काय? – एक पालक, सातारा

उत्तर : नमस्कार. विषय पुस्तकी वाटला तरी आपल्याकडे तो थेट हिवतापाशी जोडलेला आहे. ॲनोफिलिस क्युलिसिफेशिस हा डास दिसायला एकच, पण त्यात पाच जाती आहेत. त्यांपैकी ए, बी, सी, डी या चार इन्व्हर्जनवरून, म्हणजे उलटलेल्या तुकड्यांवरून, ओळखता येतात. बी आपल्याकडे हिवताप फारसा पसरवत नाही. म्हणून फवारणीआधी जात ओळखणारा माणूस लागतो.

एक दुरुस्ती मात्र तिला सांगा. इन्व्हर्जन झालं की लगेच नवी जात होत नाही. सरळ आणि उलट्या तुकड्याची जोडी जमली की तिथली जनुकांची अदलाबदल जवळपास थांबते, परिस्थितीला जुळलेली जनुकं एकगठ्ठा राहतात, आणि दोन गट दुरावत जातात. मुलाखतीत नेमकं इथेच अडवतात.

गुणसूत्रांची स्लाइड करण्यात हात आत्ताच बसवायला हवा. बाटलीच्या काचेवर चढू लागलेली फळमाशीची अळी घ्यावी. ०.७ टक्के मिठाच्या पाण्यात लाळग्रंथी काढून चिकटलेली चरबी सोडवावी, ॲसिटो-ऑर्सिनने रंगवावं आणि कव्हरस्लिप अंगठ्याने सरळ खाली दाबावी. ती जराशी सरकली तरी गुणसूत्रं गुंडाळतात, त्यांवरचे आडवे पट्टे वाचता येत नाहीत, आणि उलटा तुकडा ओळखायचा तो याच पट्ट्यांच्या क्रमावरून. दाटीतल्या अळ्या खुरटतात, त्यांची गुणसूत्रंही बारीक निघतात; अंडी मोजकी, यीस्ट भरपूर, तापमान १८ अंश ठेवावं. ॲनोफिलिस डासाच्या स्लाइडला मात्र अंडी अर्धवट भरलेल्या मादीचं अंडाशय लागतं.

पुढे जॅमचा, म्हणजे आयआयटी वगैरेंच्या एमएस्सी प्रवेश परीक्षेचा, बायोटेक्नॉलॉजी पेपर किंवा विद्यापीठातली एमएस्सी. डासांकडे ओढा असेल तर पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरची पब्लिक हेल्थ एंटोमॉलॉजीची, म्हणजे रोग पसरवणाऱ्या कीटकांच्या अभ्यासाची, एमएस्सी मला जास्त पटते. मग सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. नेटमुळे सहायक प्राध्यापकाची पात्रताही येते, म्हणजे शिकवण्याची वाट खुलीच राहते. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर आता भागत नाही, इन्व्हर्जन जनुकक्रमातूनही शोधतात. त्यासाठी लिनक्स ही संगणकप्रणाली आणि ‘आर’ ही संगणकभाषा तिने यंदाच शिकावी. पीएचडीला पाचेक वर्षं जातात आणि कायम नोकरी तिशीनंतरच, हे घरात आधी बोलून घ्या.

या सत्रात तिला वीस स्लाइड करू द्या. विसाव्या स्लाइडलाही पट्टे गुणसूत्रांच्या छापील नकाशाशी ताडून पाहायचा कंटाळा आला नाही, तर जॅमचा अर्ज भरा.