आयुष्मान कार्ड घ्यावे की सीजीएचएस ठेवावे?

प्रश्न: टपाल खात्यातून निवृत्त आहे, वय ७२. पत्नी ६९ वर्षांची, मधुमेही. आमचे सीजीएचएसचे (केंद्र सरकारी कर्मचारी व पेन्शनरांची आरोग्य योजना) आजीवन कार्ड आहे. बरोबरचे पेन्शनर म्हणतात, "पॅनेलवरची (सीजीएचएसशी करार असलेली) रुग्णालये सरकारकडच्या थकबाकीचे कारण सांगून टाळतात, त्यापेक्षा आयुष्मान कार्ड घे, पाच लाख मिळतात." काय करावे? (नागपूर)

उत्तर: घाई करू नका. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाले, उत्पन्नाची अट नाही. पण सीजीएचएसवाल्यांना दोन्ही कार्डे ठेवता येत नाहीत. एकच निवडायचे, आणि ही निवड एकदाच करता येते.

आयुष्मानमध्ये दाखल होऊन केलेले उपचार आणि ठरावीक डे-केअर (त्याच दिवशी घरी सोडतात अशा) प्रक्रिया येतात. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरची पंधरा दिवसांची औषधे धरतात. बाह्यरुग्ण तपासणी, दरमहाच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांना त्यात जागाच नाही. मधुमेह्याचा खर्च नेमका तिथेच असतो, वर्षानुवर्षे. शिवाय पत्नी अजून सत्तरीच्या आत असल्याने तुमच्या वय वंदना कार्डात त्या बसणार नाहीत. सीजीएचएसमध्ये वेलनेस सेंटरमधून (योजनेच्या दवाखान्यातून) दोघांनाही औषधे मिळतात, आणि आयुष्मानच्या पाच लाखांसारखी वार्षिक मर्यादा नाही. आमच्या मते तुम्ही आहे तेच ठेवावे. कार्ड-शिबिरात आधार पडताळणी करण्याआधी "आमचे सीजीएचएस आहे" हे स्पष्ट सांगा.

रुग्णालये टाळतात ही तक्रार मात्र खरी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. सीजीएचएस रुग्णालयांना उपचारांचे जे दर देते, त्यातले बरेच २०१४ पासून तसेच होते. १३ ऑक्टोबर २०२५ पासून सुधारित दर लागू झाले. पेन्शनरला कॅशलेस उपचार देणे पॅनेलवरच्या रुग्णालयावर बंधनकारक आहे. नकार दिला तर तारीख, वेळ आणि कोणी नकार दिला ते लिहून ठेवा आणि शहराच्या अपर संचालक कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. सत्तरीनंतर पॅनेलवरच्या तज्ज्ञाला भेटायला वेलनेस सेंटरचे रेफरलही (शिफारसपत्र) लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

प्रश्न: अचानक छातीत दुखल्याने पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात दाखल झालो. बिलाची निम्मी रक्कमही परत मिळाली नाही. असे का? (पुणे)

उत्तर: परतावा बिलाप्रमाणे मिळत नाही, सीजीएचएसच्या दराने मिळतो. रुग्णालयाने जास्त लावले तर वरचा फरक आपल्या खिशातून जातो. जोडीला वॉर्डची पात्रता बघतात: मूळ वेतन ३६,५०० रुपयांपर्यंत जनरल, ५०,५०० पर्यंत सेमी-प्रायव्हेट, त्यावर प्रायव्हेट. पेन्शनरांसाठी निवृत्तीच्या वेळचे मूळ वेतन धरतात.

उरलेली कपात बहुधा कागदांमुळे होते. क्लेमसोबत तातडीचे प्रमाणपत्र, डिस्चार्ज समरी, बाबनिहाय मूळ बिले, कार्डाची प्रत आणि रद्द केलेला चेक हवा. स्टेंट किंवा पेसमेकर बसवला असेल तर त्याचे स्टिकर आणि बाहेरचे पाकीट टाकून देऊ नका. ते नसले की तेवढी रक्कम अडते. "औषधे व साहित्य" अशा एका ओळीच्या बिलावर पैसे मिळत नाहीत. घरी सोडतानाच तपशीलवार बिल मागा आणि डिस्चार्जपासून सहा महिन्यांच्या आत क्लेम दाखल करा.

प्रश्न: पगारातून दरमहा ६५० रुपये कापतात, वापर मात्र शून्य. सीजीएचएस सोडून खासगी मेडिक्लेम घेता येईल? (मुंबई)

उत्तर: सीजीएचएस क्षेत्रात राहणाऱ्या सेवेतील कर्मचाऱ्याला ही वर्गणी भरावीच लागते, त्यामुळे सोडणे जमणार नाही. मेडिक्लेम वरून जरूर घ्या. मूळ बिले आधी विमा कंपनीला द्या. मग कंपनीने साक्षांकित केलेल्या प्रती आणि मिळालेल्या रकमेचा दाखला जोडून उरलेल्या रकमेचा क्लेम कार्यालयात करा. दोन्हीकडून मिळून प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त रक्कम मिळत नाही.