पाच मतं, चारशे पौंड आणि नावापुरती नोकरी

दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेतले पहिले भारतीय खासदार ना? तिथले गोरे मतदार त्यांना मत द्यायला तयार कसे झाले? – एक वाचक, सातारा

‘पहिले’ म्हणताना एक पुरवणी जोडावी लागते. सरधन्याची संस्थानिक बेगम समरू हिचा वारस डाइस सोम्ब्र हा मिश्र वंशाचा गृहस्थ १८४१ मध्येच सडबरीतून निवडून आला होता. पण मतदारांना लाच दिल्याचं सिद्ध झालं आणि १८४२ मध्ये त्याची निवडणूक रद्द झाली. त्यामुळे पहिलेपणाचा मान दादाभाईंना देण्यात गैर काही नाही.

दादाभाई १८८६ मध्ये होबर्नमधून हरले होते. दोन वर्षांनी पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी एडिंबरात बोलताना म्हणाले, की ‘काळ्या माणसाला’ निवडून देण्याइतपत इंग्रज मतदार अजून पुढे गेलेला नाही. या एका वाक्याने दादाभाईंचं नाव घरोघरी पोचलं. इतकी फुकट प्रसिद्धी पैसे मोजूनही मिळाली नसती. त्यांच्या लिबरल पक्षाची मंडळी चिडून त्यांच्या पाठीशी उभी राहिली. तरीही तिकिटासाठी त्यांना स्वतःच्याच पक्षात भांडावं लागलं, हे आपण सहसा सांगत नाही. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते अवघ्या पाच मतांनी निवडून आले. थट्टेखोरांनी ‘नौरोजी’चं लगेच ‘नॅरो-मेजॉरिटी’ करून टाकलं.

आयसीएसची, म्हणजे भारतातल्या सनदी सेवेची परीक्षा भारतातही घ्यावी, हा ठराव दादाभाई खासदार असताना १८९३ मध्ये कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात मंजूर झाला, पण सरकारने तो अमलात आणलाच नाही. १८९५ मध्ये दादाभाई हरले. त्याच निवडणुकीत मुंबईचेच मंचरजी भावनगरी निवडून आले, तेही साम्राज्याचे कट्टर समर्थक म्हणून हुजूर पक्षातर्फे!

तेव्हा खासदारांना पगार होता का? – एक वाचक, नागपूर

नव्हता. आणि माझ्या मते गरिबाला संसदेबाहेर ठेवण्याचं मोठं काम कायद्याइतकंच या बिनपगारीपणाने केलं. १७१० च्या कायद्याने काउंटीच्या (जिल्ह्याच्या) खासदाराला जमिनीचं वर्षाला ६०० पौंड उत्पन्न लागे, बरोच्या (शहराच्या) खासदाराला ३००. ही अट १८५८ मध्ये गेली, पण लंडनमध्ये राहायचं, जेवायचं कशावर? कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्टांनी १८३८ मध्येच पगाराची मागणी केली होती. पुढे मजूर पक्षाच्या खासदारांना कामगार संघटना पोसू लागल्या. तेव्हा ऑस्बर्न नावाच्या रेल्वे कामगाराने आपल्याच संघटनेला कोर्टात खेचलं, आणि राजकारणावर संघटनेचा पैसा खर्चता येणार नाही, असा निकाल १९०९ मध्ये लागला. शेवटी १९११ मध्ये वर्षाला ४०० पौंड वेतन सुरू झालं.

ब्रिटिश खासदाराला राजीनामा देता येत नाही, हे खरं? – एक वाचक, मडगाव

खरं आहे. खासदारकी सोडता येणार नाही, हा १६२४ चा ठराव अजून उभा आहे. मात्र राजाच्या पदरी लाभाचं पद घेतलं की खासदारकी जाते. म्हणून ‘चिल्टर्न हंड्रेड्स’ किंवा ‘नॉर्थस्टेड’ची कारभारकी मागायची. काम नाही, पगार नाही, नुसतं नाव.

२०११ मध्ये शिन फेन या आयरिश पक्षाच्या जेरी अ‍ॅडम्स यांनी साधं राजीनामापत्र पाठवलं. राजाच्या नोकरीसाठी अर्ज करणं या आयरिश राष्ट्रवाद्याला कसं पटावं? सरकारने त्यांना न विचारताच नॉर्थस्टेडचा कारभारी नेमलं. आपण असलं पद घेतलेलं नाही, असं अ‍ॅडम्स सांगत राहिले, पण जागा मात्र रिकामी झाली.